लाठी कुणाच्या पाठीवर पडली, हे कळण्याआधी

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्थानकात लोक दिवसभर रुळांवर उतरले होते. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता, आणि तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं गेलं होतं. संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे केले आणि राज्यभर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. २३ सप्टेंबरला याच प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ, पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. त्या दिवशी पेढे वाटले गेले, 'बदला पूरा' असे फलक लागले. लाठीमाराचा निषेध करणारे आणि पेढे वाटणारे यांत पुष्कळ लोक तेच होते. मधल्या पाच आठवड्यांत पोलीस खातं बदललेलं नव्हतं, कायदा बदललेला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की या वेळी मार खाणारा आपल्यातला नव्हता.

त्यानंतर जी चर्चा झाली आणि अजून होते आहे, ती दोन्ही बाजूंनी चुकीच्या प्रश्नावर अडकली आहे. एक बाजू विचारते, तुम्ही त्या मुलींच्या बाजूचे की नराधमाच्या? दुसरी विचारते, तुम्ही संविधान मानता की नाही? पहिला प्रश्न विचार बंद पाडतो, दुसरा समोरच्याचं म्हणणं ऐकून घेणं बंद पाडतो. दोन्हींच्या मागे एक समज आहे: उजव्या विचारांची माणसं कडक पोलिसांच्या बाजूने असतात, डावी आणि उदारमतवादी माणसं नागरी हक्कांच्या बाजूने असतात, आणि हा त्या दोघांमधला वैचारिक वाद आहे. मला हा समज खोटा वाटतो. आपल्याकडे पोलिसी बळाबद्दलचं मत विचारसरणीतून येत नाही. मार कुणाला पडला हे कळल्यावर ते ठरतं, आणि विचारसरणी मागाहून येऊन त्याला शब्द पुरवते. म्हणून माझं म्हणणं असं, की बळ योग्य की अयोग्य हे मोजायचं माप आधी ठरलं पाहिजे, आणि ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त तिटकारा आहे त्या माणसालाही ते तसंच लागलं पाहिजे. हे भाबडं वाटेल. पण याला पर्याय काय, ते आपण सत्तर वर्षं पाहत आहोत.

महाराष्ट्राचा जन्मच पोलिसी गोळीबाराच्या आठवणीत झाला. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारचं म्हणणं होतं की जमाव दंगलखोर होता, दगडफेक आणि लूट चालली होती, कायदा-सुव्यवस्था राखणं भाग होतं. दगडफेक झालीही होती. आज मात्र १०६ हुतात्म्यांपुढे दर १ मे ला प्रत्येक पक्षाचा मुख्यमंत्री मान झुकवतो. मोरारजींचा युक्तिवाद मुंबईपुरता आपण कायमचा फेटाळला, आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगी जो सत्तेवर होता त्याने तोच युक्तिवाद शब्दशः वापरला. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि पोरं होती. सरकार काँग्रेसचं होतं, शरद पवार मुख्यमंत्री होते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, १० जण मेले. सरकार शिवसेना-भाजपचं होतं. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी द्रुतगती महामार्गावर गोळीबारात मेले, त्यांत एक बाई होती. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. १ सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीत मराठा उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला, सरकार शिंदे-फडणवीस-अजित पवारांचं.

मावळचंच उदाहरण जवळून पाहा. भाजपने ते वर्षानुवर्षं राष्ट्रवादीविरुद्ध वापरलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये लखीमपूर खेरीत शेतकरी गाडीखाली चिरडले गेले तेव्हा शरद पवारांनी जालियनवाला बागेची आठवण काढली, आणि देवेंद्र फडणवीसांनी ताबडतोब मावळ पुढे केलं. म्हणजे तोपर्यंत उत्तर प्रदेशातले शेतकरी एका बाजूचे आणि मावळातले दुसऱ्या बाजूचे झाले होते. जुलै २०२३ मध्ये अजित पवार भाजपबरोबर सत्तेत गेले. त्यानंतर मावळच्या तीन मृतांचं नाव कुठल्या भाजप नेत्याच्या तोंडून तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? आणि अजित पवारांच्या जुन्या सहकाऱ्यांनी तरी ते कधी काढलं? त्या तिघांचे कुटुंबीय तेच आहेत, तिथेच आहेत. फक्त त्यांच्या मरणाला आता राजकीय गिऱ्हाईक उरलेलं नाही.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्टांचं सरकार आलं ते कामगारांच्या लढ्यात पोलीस पडणार नाहीत असं सांगत. १९५९ च्या जूनमध्ये अंगमालीला त्यांच्याच पोलिसांच्या गोळीबारात सात जण मेले. १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये डाव्या आघाडीच्या पोलिसांनी १४ शेतकऱ्यांचा बळी घेतला. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात 'आम्ही पोलिसांच्या पाठीशी' असे झेंडे फडकवणाऱ्या गटांतली माणसं ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉल या संसदभवनाच्या दारात पोलिसांनाच झोडपत होती, आणि पोलिसांचा निधी तोडा म्हणणाऱ्यांना त्या दिवशी पोलीस कमी पडले याचा राग आला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच या सगळ्याचा अर्थ असता तर लेख इथेच थांबवता आला असता. पण या म्हणीने वाद मिटत नाही, कारण समोरच्या बाजूकडे काही खरोखर वजनदार मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा: सगळं बळ सारखं नसतं. उपोषणाला बसलेल्यांवर लाठी चालवणं आणि बसगाड्या जाळणाऱ्यांवर चालवणं यांना एकाच तराजूत तोलणारा माणूस तटस्थ नसतो, आळशी असतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पोलिसांनी बळ वापरूच नये असं मी म्हणत नाही, कुठलाही कायदा म्हणत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: फरक कशाच्या आधारे करायचा? आधी इशारा दिला होता का, पांगायला वाट ठेवली होती का, कमी बळात भागलं असतं का, माणूस ताब्यात आल्यावर हात थांबला का, हे आधार आहेत. जमाव कुठल्या रंगाचा झेंडा घेऊन आला होता हा आधार नाही. प्रत्यक्षात आपण काय करतो? आपल्या मोर्चातला दगड 'समाजकंटकांनी' मारलेला असतो आणि त्यांच्या मोर्चातला दगड त्यांच्या संस्कृतीतून आलेला असतो.

दुसरा मुद्दा पोलिसांच्या बाजूचा. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई बारा-चौदा तास पायांवर असतो, रजा रद्द झालेली असते, डब्याची आणि शौचालयाची आबाळ असते, आणि दगड सर्वांत आधी त्याच्याच हेल्मेटवर येतो. वातानुकूलित खोलीत बसून त्याला संयम शिकवणं सोपं आहे, हा आक्षेप योग्य आहे. पण त्यातून निष्कर्ष कुठला निघतो? त्या शिपायाला लाठी चालवण्याचा आदेश वरून येतो, आणि चौकशी लागली की आदेश देणारा कागदावर कुठेच सापडत नाही. रमाबाई नगर प्रकरणात बारा वर्षांनी, २००९ मध्ये, सत्र न्यायालयात शिक्षा झाली ती एका फौजदाराला. त्या सरकारातल्या कुणाला काय झालं? 'पोलिसांच्या पाठीशी उभे राहा' म्हणणाऱ्यांनी शिपायाच्या कामाच्या तासांसाठी किती मोर्चे काढले? शिपायाला माणूस मानायचं असेल तर त्याच्या हातात मोकळा परवाना देणं ही त्याची कदर नव्हे. उद्या त्याच परवान्यापायी तो एकटा तुरुंगात जातो.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे: न्यायालयं न्याय देत नाहीत. खटले दहा-दहा वर्षं चालतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला सुटतो. पीडितेची आई तारखांना खेटे घालून खचते. अशा वेळी कुणी एका गोळीत निकाल लावला तर तिला बरं वाटू नये असं सांगणारे आपण कोण? मी तिला काहीही सांगणार नाही. पण मी त्या आईच्या जागी नाही, पेढे वाटणारेही नव्हते, आणि आपल्याला विचार करण्यापासून सूट नाही. बदलापुरात त्या आईबापांचा पहिला छळ कोर्टाने केला नव्हता. तो पोलीस ठाण्यात झाला, तक्रार नोंदवून घेण्याच्या टेबलासमोर. शाळेने काय दडवलं, कुणाच्या सांगण्यावरून उशीर झाला, आरोपी आणखी काय सांगू शकला असता, या सगळ्यावर खटल्यात उलटतपासणी झाली असती. मुख्य आरोपीच मेल्यावर ती वाट बंद झाली. ज्या खात्याच्या हलगर्जीपणाविरुद्ध लोक रुळांवर बसले होते, त्याच खात्याच्या माणसाने ती बंद केली, आणि लोकांनी त्याचे आभार मानले.

आणि न्यायालय हळू चालतं ही काही दैवी आज्ञा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे एके-४७ च्या समोर लाठी घेऊन उभे राहिले. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. मागच्या सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी झोडपून काबूत आणलं. हे पोलिसी बळच होतं, पुरेपूर वापरलेलं. आणि तो काबूत आल्यावर ते थांबलं. साथीदाराचं प्रेत समोर पडलेलं असताना, त्या क्षणी त्याला गोळी घातली असती तर या देशात एकाही माणसाने हरकत घेतली नसती. पण मग दहा हल्लेखोरांतला एकही जिवंत उरला नसता, आणि पाकिस्तानला सगळं नाकारणं सोपं गेलं असतं. विशेष न्यायालय नेमलं गेलं, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलात आली. चार वर्षांत. सरकारने मनावर घेतलं म्हणून हे झालं. मग दोन चिमुरड्यांच्या खटल्यासाठी तेच मनावर घ्या, असा आग्रह धरणं जास्त कडक भूमिका आहे की गोळीला टाळ्या वाजवणं?

यावर जुन्या मुंबईकराचं उत्तर ठरलेलं असतं: नव्वदच्या दशकात तुम्ही इथे नव्हता. मी त्या भीतीला कमी लेखत नाही. १९९७ च्या जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत भर रस्त्यात मारले गेले, ऑगस्टमध्ये गुलशन कुमार. खंडणीचा फोन आला की बिल्डरच काय, डॉक्टरही हादरायचे. चकमकींनी टोळ्यांची जरब मोडली, यात काही तथ्य आहे. पण टोळ्या मोडायला १९९९ चा मकोका कायदा, फोन ऐकण्याचे कायदेशीर अधिकार आणि पैशाच्या वाटा बंद होणं यांचाही हात होता, आणि त्याचं श्रेय कुणी पोस्टरवर छापत नाही. शिवाय त्या चकमकींची किंमत पुढे मोजावी लागली. ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभय्या नावाच्या माणसाला वाशीतून उचललं गेलं. त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले की याला खोट्या चकमकीत मारतील. संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमक' झाली. भाऊ सतरा वर्षं कोर्टात लढला. २०१३ मध्ये पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चकमकींसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. मधल्या काळात, २०१९ ला, शर्मांना शिवसेनेने नालासोपाऱ्यातून विधानसभेचं तिकीट दिलं होतं. चकमकींची संख्या हे निवडणुकीचं भांडवल होऊ शकतं, हे त्या पक्षाला कुणी शिकवलं? आपण, टाळ्या वाजवणाऱ्यांनी.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आपली माणसं म्हणत आली आहेत. बदलापूरचा आरोपी मेल्याचं दुःख मी कुणाला करायला सांगत नाही. सोकावलेला काळ पुढे कुणाच्या दारात गेला ते पाहायला सांगतो. सप्टेंबरमध्ये पेढे वाटले, आणि डिसेंबरमध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, तोडफोड झाली, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायदा शिकणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांचा उल्लेख आला. विधानसभेत सरकारने मारहाण झालीच नसल्याचं सांगितलं. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. आरोपी म्हणजे गुन्हेगार, आणि गुन्हेगाराला हक्क कसले, हे सूत्र सप्टेंबरमध्ये ज्यांनी उचलून धरलं, त्यांच्यातल्या अनेकांना परभणीची बातमी आपल्याच पोरासारखी लागली. बाकीच्यांना ती लागलीच नाही, आणि ते जास्त भयंकर आहे.

आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दल. नागरी हक्कांची भाषा बोलणाऱ्यांचं या वादात खूप चुकतं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्काराच्या चार आरोपींना पोलिसांनी मारलं, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आणि एरवी हक्कांवर लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी त्या दिवशी 'भावना समजू शकतो' म्हणत काढता पाय घेतला. पुढे आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पोलिसांची कहाणी अविश्वसनीय ठरवली. मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष काढला. त्यावर किती लेख आले? बदलापुरातही विरोधी पक्षांनी ऑगस्टमध्ये 'फासावर लटकवा' म्हणून रान उठवलं आणि सप्टेंबरमध्ये चकमकीवर प्रश्न विचारले. प्रश्न बिनतोड होते. सामान्य माणूस धावत्या गाडीत पोलिसाचं पिस्तूल हिसकावून चालवू शकतो का, गोळी डोक्यातच का, हे उच्च न्यायालयानेही विचारलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तरी लोकांना ते प्रश्न राजकीय वाटले, कारण विचारणारे राजकीय होते. श्रीकृष्ण आयोगाचंही तसंच झालं. १९९२-९३ च्या दंगलीत मेलेल्या ९०० जणांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात मेल्याचं त्या अहवालात नोंदलं आहे. युती सरकारने तो अहवाल नाकारला, काँग्रेस-राष्ट्रवादीने तो लागू करू म्हणत मतं मागितली आणि पंधरा वर्षं सत्तेत राहून तो फडताळात ठेवला. दुसऱ्यांदा विश्वासघात झालेल्या माणसाला मग आपली संविधानाची भाषणं पोकळ वाटली तर दोष त्याचा कसा?

मापं नाहीत असं मुळीच नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ मध्ये झालेल्या ९९ चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे किंवा सीआयडीकडे द्या, शस्त्रं जमा करा, लगेच शौर्यपदकं देऊ नका. तो निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंब्रा बायपासला ती गाडी थांबली. प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण आणि ते निदान वर्षभर जपण्याचा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारं राज्य प्राधिकरण कायद्याने २०१४ पासून आहे. आपल्या आमदाराला कुणी विचारलं का, की आपल्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का? हा प्रश्न उजवाही नाही आणि डावाही नाही, म्हणूनच तो कुणाला घोषणेसाठी सापडत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: आपलं सरकार असताना आपणच त्याला अडचणीत आणायचं, हे राजकारणात कुणी करतं का? एकाने केलं होतं. ११ ऑगस्ट १९५४ ला त्रावणकोर-कोचीनमध्ये, तमिळ भाग मद्रास राज्याला जोडा म्हणणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार झाला. सरकार प्रजा समाजवादी पक्षाचं होतं. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा स्वतः तुरुंगात होते. तिथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पक्षाने ऐकलं नाही, वाद विकोपाला गेला, लोहिया बाहेर पडले आणि पक्ष फुटला. तत्त्वाचा हट्ट धरून त्यांनी पक्षाचं वाटोळं केलं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्या सरकारला वाचवण्यासाठी हे झालं ते फेब्रुवारी १९५५ मध्ये तसंही पडलं. आणि वर्षभरात, मुंबईत मराठी माणसांवर गोळ्या चालल्या तेव्हा, हाच पक्ष संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरून मोरारजींना जाब विचारायला उभा राहिला. तोही भाषिक राज्याचा लढा होता, तीही आंदोलक माणसं होती. मोरारजींच्या बाजूच्या एखाद्याने त्या वेळी फक्त त्रावणकोरचं नाव काढलं असतं, तर लोहियांना घालवून बसलेल्या त्या पक्षाने काय उत्तर दिलं असतं?